पडायचं कसं

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा विषय दिला होता, ‘संगणक क्षेत्रातील बदलत्या संधी’. मी म्हटलं, आपल्यातल्या निम्म्या लोकांची मुलं आता याच क्षेत्रात आहेत, त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहिती असते. आणि ज्यांची नाहीत त्यांनी जेवणाच्या आधी हे का ऐकावं? मग असं ठरलं, की गेली दोन वर्षं दर शनिवारी शाळा सुटल्यावर मी या हॉलमध्ये नववीच्या मुलांबरोबर काय करते ते सांगायचं. कारण त्याबद्दल सांगलीत बऱ्याच वावड्या आहेत.

एका पालकांनी मला दारातच गाठलं. म्हणाले, “मॅडम, रागावू नका, पण नाटक कधी सुरू होणार? चार शनिवार झाले, पोरं नुसती चालतायत.” त्यांचं बरोबर होतं. चार शनिवार पोरं नुसती चालत होती. मधूनमधून उभी राहत होती. पाचव्या शनिवारी ती पडायला लागली, आणि तेव्हा खिडकीतून बघायला गर्दी झाली.

करोनानंतर कंपनीनं घरून काम करायला परवानगी दिली आणि मी आईबाबांजवळ परत आले. शाळेत सहज भेटायला गेले होते. मराठीच्या आत्ताच्या बाई म्हणाल्या, स्पर्धेला नाटक बसवतोय, येऊन बघ. बघितलं. पाठांतर चोख, उच्चार स्वच्छ. पण मुलं मानेच्या वर जिवंत होती आणि मानेखाली खांब. संवाद आला की एक पाऊल पुढं, संपला की एक पाऊल मागं. आपण १९९३ साली असंच करत होतो. मी बाईंना विचारलं, संवाद तुम्ही बघा, मानेपासून टाचेपर्यंत मी बघू का?

आता मी हे का करते ते सांगते. ते सांगायला मला थोडा धीर लागणार आहे, त्यामुळे मध्ये पाणी प्यायले तर समजून घ्या.

डिसेंबर १९९३. आपण नववीत होतो. स्नेहसंमेलनातलं आपलं नाटक आठवतंय? हुंड्याचं. मी सासू, नऊवारीत. सून कोण होती ते सांगत नाही, तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. शेवटच्या प्रवेशात मी म्हणायचं, “चालती हो माझ्या घरातून,” आणि तिला ढकलायचं. तालमीत मी हात लावायची आणि ती हळूच खाली बसायची. आपल्या बाई म्हणायच्या, “अगं, सासू आहेस का गुळाचा गणपती? खरं वाटू दे.” बाई, तुम्ही आज आला आहात. यात तुमची काही चूक नव्हती. जगातल्या प्रत्येक दिग्दर्शकानं हे वाक्य कधी ना कधी उच्चारलेलं असतं.

तर त्या संध्याकाळी मी खरं वाटू दिलं. समोर हजारभर माणसं, डोळ्यांवर दिवे, अंगात वारं शिरल्यासारखं झालं होतं. मी तिला दोन्ही हातांनी जोरात ढकललं. तिला त्याची कल्पना नव्हती. ती मागं गेली, उजवा हात टेकला आणि त्यावर पडली. टाळ्या पडल्या. तिनं उरलेले दोन संवाद म्हटले, पडदा पडला, आणि मग ती रडायला लागली. मनगटाच्या वरचं हाड मोडलं होतं. सहा आठवडे प्लॅस्टर.

हे तुम्हाला माहीत आहे. पुढचं माहीत नाही. विंगेत मुख्याध्यापक धावत आले आणि त्यांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, “तिचा पाय घसरला.” आमच्या आधी पाचवीच्या मुलींचा नाच झाला होता, त्यांनी तळपायाला पावडर लावली होती. सगळ्यांना पटलं. आणि शिपाईमामांना तिथंच, सगळ्यांसमोर, बोलणी बसली, की नाचानंतर रंगमंच का पुसला नाही. मामा एकदाच म्हणाले, “पुसला होता साहेब.” मग गप्प झाले. मामांनी पुसला होता. मी स्वतः विंगेत उभी राहून त्यांना ओलं फडकं फिरवताना बघितलं होतं. मी काही बोलले नाही. तीही बोलली नाही, माझ्यासाठी. पुढचे सहा आठवडे मी तिच्या सगळ्या वह्या उतरवून दिल्या आणि मला वाटत राहिलं की फिटलं.

त्यानंतर शाळेतल्या प्रत्येक कार्यक्रमाच्या आधी मामा रंगमंच दोनदा पुसायचे. आपल्या निरोप समारंभालाही त्यांनी दोनदा पुसला. तुमच्या लक्षात आलं नसेल. माझ्या यायचं. मामा आता नाहीत. मी माफी मागायला परत आले तेव्हा सहा वर्षं उशीर झाला होता. त्यांच्या मुलाला भेटून सांगितलं. तो म्हणाला, “बाबा घरी कधी काही बोलले नाहीत.” म्हणून आज हे इथं, ज्या व्यासपीठावर त्यांना बोलणी बसली तिथं, मोठ्यानं सांगते आहे.

पाणी.

पुढं मी इंजिनिअरिंगला पुण्याला गेले. १९९८ सालचा पावसाळा, दुसरं वर्ष. पुण्यात पावसाळा म्हणजे पुरुषोत्तम करंडक. १९६३ पासून महाविद्यालयांच्या एकांकिकांची ही स्पर्धा भरत नाट्य मंदिरात होते आणि त्या दिवसांत अभ्यास नावाची गोष्ट अर्धी अधिक मुलं विसरतात. मी रंगमंचावर जाणार नव्हते, नऊवारीच्या त्या संध्याकाळीच ते संपलं होतं. मी नेपथ्य उचलायला गेले होते. एकांकिकेत एक मारामारी होती. ती बसवायला आमच्या कॉलेजचा एक जुना विद्यार्थी आला, त्यानं नाटकाचं रीतसर शिक्षण घेतलं होतं. त्यानं दोन मुलांना समोरासमोर उभं केलं आणि म्हणाला, “एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. ढकलणारा ढकलत नाही. पडणारा पडतो.”

मी हातातली फळी खाली ठेवली आणि ऐकत बसले.

त्यानं करून दाखवलं. ढकलणाऱ्यानं आधी थोडं मागं जायचं. रशियातल्या मेयरहोल्ड या दिग्दर्शकानं शंभर वर्षांपूर्वी नटांसाठी जे व्यायाम रचले त्यात या मागं जाण्याला स्वतंत्र नाव आहे, ‘ओत्काज’, म्हणजे नकार. चेंडू फेकण्याआधी हात मागं जातो, तसंच. त्यानं प्रेक्षकाला कळतं की आता काहीतरी होणार, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे समोरच्या नटाला कळतं. मग दोघांची नजर मिळते. नजर मिळाली नाही तर प्रवेश पुढं सरकत नाही, थांबायचं. मग ढकलणाऱ्याचे हात समोरच्याच्या खांद्यांना लागतात आणि तिथंच थांबतात. सगळा जोर आपल्याच दंडात अडवायचा. आणि पडणारा, हाताचा स्पर्श झाला की स्वतः, स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या वेगानं मागं जातो. किती जोरात, किती लांब, कधी, हे सगळं पडणाऱ्याच्या ताब्यात. केस ओढायचेही तसेच. ओढणारा केसांवर नुसती मूठ ठेवतो, पकडत नाही. ज्याचे केस ओढायचे आहेत तो दोन्ही हातांनी ती मूठ आपल्याच डोक्यावर घट्ट दाबून धरतो आणि डोकं हलवतो. बघणाऱ्याला वाटतं फरफटत नेलं. थोबाडीत मारताना हात गालापासून चांगला वीतभर लांबून जातो, आवाज मार खाणारा स्वतः टाळी वाजवून काढतो, फक्त ती टाळी प्रेक्षकाला दिसणार नाही असं उभं राहायचं.

त्या फळीवर बसून मला कळलं की पाच वर्षांपूर्वी आम्हा दोघींना दोन वाक्यं कुणी सांगितली असती तर एक हाड आणि एका माणसाची इज्जत वाचली असती. आणि नाटक जास्त चांगलं झालं असतं, हेही खरं. कारण खरं ढकलल्यावर ती जी पडली ते मागं बसलेल्या लोकांना नीट दिसलंच नव्हतं. खरं पडणं फार पटकन संपतं.

मग तो पडायला शिकवू लागला. पहिल्यांदा उकिडवं बसून, मग गुडघ्यांवरून, मग अर्धवट उभं राहून, आणि पंधरा दिवसांनी पूर्ण उभं राहून. खाली गादी. हाडांवर पडायचं नाही, मांसावर पडायचं. तळहात, कोपर, गुडघा, माकडहाड, डोक्याची मागची बाजू, ही सगळी निषिद्ध. एक पाय मागं घ्यायचा, गुडघे वाकवून आधी जितकं खाली येता येईल तितकं यायचं, म्हणजे पडायला अंतरच उरत नाही. मग पोटरीची बाहेरची बाजू, मांडी, कुल्ला, बरगड्यांची बाजू, अशी एकेक जमिनीला द्यायची, आणि हात टेकायचा नाही, जमिनीवरून लांब सरकवायचा. हनुवटी छातीकडं. श्वास बाहेर. श्वास रोखून पडलं की अंग लाकडासारखं होतं आणि लाकूड मोडतं.

यात सगळ्यात अवघड काय, सांगू? हात न टेकणं. तोल गेला की हात आपोआप पुढं येतो. ती उपजत खोड आहे आणि बहुतेक मनगटं त्या खोडीनंच मोडतात. ती सोडवायला दोन-तीनशे वेळा पडावं लागतं. त्याला दुसरा उपाय नाही.

आता गंमत बघा. हे सगळं मला आधीच माहीत होतं. पी.टी.च्या सरांनी शिकवलं होतं! सर, तुम्ही लांब उडीच्या खड्ड्याशी उभे राहून ओरडायचा ते अजून कानात आहे. “गुडघे मोडा! गुडघे मोडा! हात टेकवू नका!” कबड्डीत पकड झाली की कसं कलंडायचं ते तुम्हीच दाखवलं होतंत. तालमीत जाणाऱ्या आपल्या वर्गातल्या दोघांना तर पडण्याचं बाळकडूच होतं. कुस्तीत पहिलं पडायलाच शिकवतात. म्हणजे पडायचं कसं हे मैदानावर ठाऊक होतं, आणि नाटक हॉलमध्ये चाललं होतं. मैदान ते हॉल शंभर पावलं असतील. ती शंभर पावलं कुणी चाललं नाही. मैदान खेळवाल्यांचं, हॉल कलावाल्यांचा. पी.टी.चा तास झाला की आपण घाम पुसून, कपडे झटकून, आपलं शरीर मैदानावरच ठेवून वर्गात यायचो.

आणि हे कुठं? सांगलीत. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ केलं त्या गावात. त्यांच्या नाटकातले राक्षस आरोळ्या ठोकत, उड्या मारत यायचे. ते काही मनगटं मोडून घेत नसणार. त्यांना उतरायचं कसं हे कुणीतरी शिकवलंच असणार.

नटाच्या शरीराचा विचार आपल्याकडं किती बारकाईनं झाला आहे, हे मी पुण्याला गेल्यावर वाचलं. भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत आणि त्यातला एक सबंध आंगिक अभिनय. नुसत्या डोक्याच्या हालचाली १३. दृष्टी ३६. पावलांच्या चाली, ज्यांना चारी म्हणतात, त्या ३२; सोळा जमिनीवरच्या आणि सोळा पाय उचलून करायच्या. आपल्याकडं नववीत दृष्टी दोन होत्या. एक प्रेक्षकांकडं, आणि दुसरी विंगेत उभ्या असलेल्या बाईंकडं, पुढचं वाक्य काय म्हणून.

पण मी मुलांना नाट्यशास्त्र शिकवत नाही. माझी तेवढी योग्यता नाही. मी त्यांना उभं राहायला शिकवते.

नुसतं उभं राहणं किती कठीण आहे ते करून बघा. दप्तरामुळं एक खांदा वर गेलेला असतो. मोबाइलमुळं मान पुढं. मुलं सिनेमातल्या हिरोसारखी एका पायावर रेलून उभी राहतात. आणि मुली, हे मी मुद्दाम सांगते, तेराव्या-चौदाव्या वर्षी खांदे आत घेऊन, छाती झाकून उभ्या राहायला लागतात. आपणही लागलो होतो. कुणी सांगितलेलं नसतं, तरी सगळ्या जणी एकाच वर्षी शिकतात. अशा मुलीला झाशीच्या राणीची भूमिका द्यायची आणि म्हणायचं, आवेश आण. कुठून आणणार? बरगड्या मिटलेल्या आहेत. आवाज तिथंच अडकतो. आपण मग तिला म्हणतो, मोठ्यानं बोल. ती घसा ताणते.

घसा ताणण्यावरून मला एका माणसाची गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण तो माझ्या धंद्यातला माणूस वाटतो. एफ. एम. अलेक्झांडर. १८६९ साली टास्मानियात जन्मला. शेक्सपिअरमधले उतारे रंगमंचावर म्हणून दाखवायचा. त्याचा आवाज बसायला लागला. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. विश्रांती घेतली की आवाज यायचा, कार्यक्रम केला की जायचा. तो डॉक्टरांना म्हणाला, म्हणजे कार्यक्रम करताना मीच काहीतरी करतो आहे, ज्यानं हे होतं. डॉक्टर म्हणाले, असेल. मग काय? डॉक्टरांनाही माहीत नव्हतं. मग हा माणूस आरशासमोर उभा राहिला. साधं बोलताना काय होतं, उतारा म्हणताना काय होतं. त्याला दिसलं, की उतारा म्हणायला लागल्याबरोबर त्याचं डोकं मागं खेचलं जातं, घसा दबतो आणि तो तोंडानं फस्सकन श्वास ओढतो. मग त्यानं आणखी आरसे लावले, बाजूनं दिसावं म्हणून. तेव्हा त्याला आणखी एक गोष्ट कळली. आपण डोकं पुढं नेतो आहोत असं त्याला वाटत होतं, आणि आरशात ते मागंच जात होतं. वाटणं आणि असणं वेगळं निघालं. यातून त्याची एक सबंध पद्धत उभी राहिली आणि आज जगातल्या मोठमोठ्या नाट्यशाळांत ती शिकवतात. प्रोग्रॅममधली चूक शोधताना आम्ही हेच करतो. चूक यंत्रात आहे असं वाटत असतं आणि ती आपल्या ओळीत असते. पण आम्हाला कुणी आरसे लावून देत नाही.

मी मुलांना जोडीनं उभं करते. एक आरसा होतो, एक बोलतो. आरशानं फक्त सांगायचं, तुझी मान मागं गेली. हसायचं नाही. पहिल्या दिवशी सगळे हसतात.

मग चालणं. हॉलची फरशी म्हणजे एका खिळ्यावर ठेवलेली मोठी परात आहे असं समजायचं. सगळे एकीकडं गेले तर परात कलंडेल. बोलायचं नाही, चालत राहायचं आणि परात सपाट ठेवायची. मी टाळी वाजवली की थांबायचं. मग टाळीशिवाय थांबायचं, कुणीही एक थांबला की सगळ्यांनी. पहिल्या शनिवारी वीस मुलं थांबायला चांगला वेळ घेतात. चौथ्या शनिवारी एका क्षणात थांबतात आणि कोण आधी थांबलं ते मलाही कळत नाही. त्या पालकांना हेच दिसत होतं आणि ते कंटाळले. मला तर ते बघताना अंगावर काटा येतो.

हा व्यायाम माझा नाही. असे पुष्कळ व्यायाम पॅरिसमध्ये जाक लकॉक या शिक्षकानं १९५६ साली काढलेल्या शाळेतून जगभर गेले. सर, हे खास तुमच्यासाठी सांगते: हा लकॉक मुळात पी.टी.चा शिक्षक होता. जिम्नॅस्टिक्स शिकवायचा. तो मैदानातून हॉलमध्ये चालत गेला. त्याच्या शाळेत विद्यार्थ्यांना आधी एक चामड्याचा मुखवटा घालायला देतात, ज्याच्यावर कुठलाच भाव नसतो, ना हसू ना राग. चेहरा झाकला की शरीराला लपता येत नाही. आमच्याकडं चामड्याचे मुखवटे कुठले? आम्ही पिठाच्या कागदी पिशव्यांना डोळ्यांपुरती भोकं पाडली. पिशवी घातल्यावर वर्गातला सगळ्यात बडबड्या मुलगा दहा मिनिटं कोपऱ्यात उभा राहिला. नंतर म्हणाला, “ताई, माझे हात कुठं ठेवायचे तेच कळेना.” आम्ही पुढचे दोन शनिवार हात कुठं ठेवायचे यावरच घालवले.

आता कुणी म्हणेल, हे परदेशी लाड. तर ‘घाशीराम कोतवाल’ आठवा. तेंडुलकरांचं नाटक, १९७२ सालच्या डिसेंबरात पुण्यात पहिला प्रयोग, दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकरांचं आणि नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची. त्यात नेपथ्य म्हणजे माणसांची भिंत. धोतर-शेंडीतली माणसं ओळीनं उभी राहून डुलतात, पाठ फिरवतात आणि त्यांचाच पडदा होतो, दरवाजा होतो, पुणं होतं. आणि त्या नाटकातली माणसं कोण? दिग्दर्शक बालरोगतज्ज्ञ. नाना फडणवीस झालेले मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. कुणी धंदेवाईक नर्तकांचा ताफा नव्हता. तरी ती भिंत मराठी माणूस पन्नास वर्षं विसरलेला नाही.

आम्ही गेल्या वर्षी भिंत करून बघितली. दहा मुलं, खांद्याला खांदा, एका पायावरून दुसऱ्या पायावर वजन न्यायचं, सगळ्यांनी एकदम. सोपं वाटतं. भिंत सारखी मोडायची. कारण प्रत्येक जण शेजाऱ्याकडं बघायचा आणि बघून हलेपर्यंत उशीर व्हायचा. शेवटी डोळे मिटायला लावले. शेजाऱ्याचा दंड श्वासाबरोबर वर येतो तो ऐका म्हटलं. सहाव्या की सातव्या शनिवारी ती भिंत डुलली. मराठीच्या बाई दारात उभ्या होत्या, त्यांच्या हातातला खडू तसाच राहिला.

दोन अडचणी सांगते, कारण शिक्षक मंडळी समोर आहेत. एक, स्पर्श. मुलंमुली एकत्र काम करतात, हात धरावा लागतो, खांद्याला हात लावावा लागतो. आमचा नियम असा की हात कुठं लागणार ते आधी तोंडानं बोलून ठरवायचं, आणि ज्याला लागणार त्यानं हो म्हणायचं. नाही म्हटलं तर का म्हणून विचारायचं नाही. सुरुवातीला मुलं लाजून बेजार झाली. आता तीच माझ्यावर लक्ष ठेवतात, मी न विचारता कुणाची पाठ सरळ करायला गेले तर “ताई, विचारलं नाही तुम्ही!” असं ओरडतात. दुसरी अडचण गणवेशाची. स्कर्ट घालून कुणी जमिनीवर लोळणार नाही. मुख्याध्यापकांनी शनिवारी ट्रॅक पँट चालेल असं पत्रक काढलं. एवढं एक पत्रक निघाल्यावर मुलींची संख्या चारवरून अकरा झाली.

आणि एका मुलाबद्दल सांगते. वर्गातला सगळ्यात थोराड. सत्तर किलो असेल. प्रत्येक नाटकात खलनायक, प्रत्येक भांडणात मध्यस्थ. तो पडायचा नाही. गादीपर्यंत यायचा, गुडघे वाकवायचा आणि परत उभा. महिनाभर. मी काही बोलले नाही. एकदा सगळे गेल्यावर म्हणाला, “ताई, मी पडलो की सगळे हसतात. लहानपणापासून.” मी म्हटलं, मग हसवायलाच पड. तो विचार करून म्हणाला, “मला ढकलणारा लहानसा चालेल का?” पुढच्या शनिवारी त्यानं वर्गातली सगळ्यात बारकी मुलगी निवडली. तिनं मागं जाऊन, डोळ्यांत बघून, त्याच्या पोटाला एक बोट लावलं. आणि तो जो उडाला, गिरकी घेतली, दोन पावलं मागं गेला, गादीवर असा पसरला की सगळा हॉल हसून लोळला. तो पडल्या पडल्या छताकडं बघत हसत होता. त्या मुलीनं काहीच केलं नव्हतं. सगळं त्यानं केलं होतं.

त्या रात्री मी तिसऱ्या रांगेतल्या माझ्या मैत्रिणीला फोन केला. ती आता नाशिकला असते. तिला ही गोष्ट सांगितली आणि मग तीस वर्षांत पहिल्यांदा आम्ही त्या संध्याकाळबद्दल बोललो. मी म्हटलं, मी तुला ढकललं होतं. ती म्हणाली, “मला माहीत आहे. माझंच हाड होतं.” मग बराच वेळ दोघी गप्प. मग ती म्हणाली, “मला मामांचं वाईट वाटतं.” मलाही, म्हटलं. ती म्हणाली, “मेळाव्यात सांगून टाक. दोघींच्या वतीनं.” तर ते सांगून झालं.

आता एक मागणी. आपल्या तुकडीनं शाळेला स्मार्ट बोर्ड द्यायचा ठरवलं आहे, चांगली गोष्ट आहे. मी सॉफ्टवेअरमधली असून सांगते, बोर्ड थोडा लहान घ्या. उरलेल्या पैशात व्यायामाच्या जाड गाद्या येतील. आत्ता आम्ही मुलांच्या घरच्या जुन्या गाद्या वापरतो, आणि खाली शहाबादी फरशी आहे. त्या गाद्यांतून फरशी कळते. मला तर सध्या फारच कळते. गाद्या हॉलमध्ये ठेवाव्यात पण नोंद पी.टी.च्या विभागात व्हावी, म्हणजे ती शंभर पावलं कुणाला तरी चालावीच लागतील.

संयोजक घड्याळ दाखवतायत. पण कार्यक्रमपत्रिकेत नसलेली एक गोष्ट उरली आहे. व्यासपीठाच्या डाव्या बाजूला त्याच दोन गाद्या अंथरल्या आहेत. तो शेवटचा प्रवेश आम्ही परत करणार आहोत. आपल्यातले हाडांचे डॉक्टर पुढच्या रांगेत बसले आहेत. त्यांनी काल आमची तालीम बघितली आणि सांगितलं, की या वयात उभ्यानं पडायला त्यांची परवानगी नाही, गुडघ्यांवरून चालेल. तेव्हा गुडघ्यांवरून. आणि एक बदल केला आहे. सासू ती आहे, सून मी.

ये गं वर. नऊवारी नाही, चालेल. सकाळी मी ही जागा स्वतः पुसली आहे. दोनदा.

सर, शिट्टी आणली आहे ना? वाजवा.